शिळी वीज

भूगोलाचा शिक्षक म्हणून मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो, की सूर्याची ऊर्जा फुकट असते. निवृत्तीनंतर त्यात थोडी दुरुस्ती करावी लागते आहे. सूर्य फुकट असला तरी त्याला घरात घ्यायचं तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लागतं, आणि आलेल्या उन्हाला रात्री मुक्कामाला ठेवून घ्यायचं असेल तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. असतं तर मी परीक्षेत हमखास विचारलं असतं.

सगळं सुरू झालं ते आमच्या कमरजहांच्या पायापासून. विश्रांतवाडीतली आमची इमारत चार मजली, बिनलिफ्टची आणि जुन्या सवयींची आहे. लोडशेडिंगच्या काळात संध्याकाळी वीज गेली की सगळी बिऱ्हाडं चटया घेऊन गच्चीवर जायची. लोडशेडिंग संपलं, सवय राहिली. अजूनही दिवे गेले की आमच्या वर राहणाऱ्या मुक्ताई जिन्यात येऊन हाक मारतात आणि माणसं मुकाट्याने वर जातात. मे महिन्यात अशीच हाक आली. कमरजहां एका हातात चटई आणि दुसऱ्या हातात भडंगाचं पातेलं घेऊन अंधारात जिना चढत होती. पायरी चुकली. घोट्याला चीर गेली आणि भडंग तळमजल्यापर्यंत पोचलं.

दुसऱ्या दिवशी आमचा मुलगा कामरान खराडीहून आला. तो आयटीत आहे आणि एका टॉवरमध्ये उंचावर राहतो. तिथे वीज गेली तर जनरेटर इतक्या चपळाईने सुरू होतो, की वीज गेल्याचं विजेलासुद्धा कळत नसावं. अम्मीचा प्लॅस्टरमधला पाय पाहून तो म्हणाला, "अब्बू, आता बस झालं. खराडीला चला. मेहनाजने तुमची रूम रेडी ठेवलीये. पडदेपण लावलेत."

मुलगा रागाने बोलला असता तर मीही आवाज चढवला असता. तो काळजीने बोलला, आणि सून पडदे लावून बसली होती. कमरजहां खिडकीतून समोरच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत राहिली. आम्ही या घरात आलो तेव्हा कामरान रांगत होता. तिचा चेहरा पाहून मी आवेशात बोलून गेलो, "प्रश्न अंधाराचाच आहे ना? मग या घरात पुन्हा अंधारच होणार नाही, असं मी करून दाखवतो."

कामरान म्हणाला, "ओके. पण वीज गेल्यावर मी स्वतः येऊन बघणार. दिवाळीच्या आत. अंधार दिसला की सामान बांधायचं."

मी शब्द दिला. शिक्षकाचा शब्द म्हणजे काय, ते माझ्या माजी विद्यार्थ्यांना माहीत आहे. निदान त्यांपैकी काहींना आठवत असावं.

त्यानंतर शंभू नावाचे गृहस्थ आमच्या आयुष्यात आले. मूळचे यवतमाळचे, हल्ली सोलर कंपनीत, आणि हसतमुख इतके की त्यांच्यावर चिडणं अवघड. "सर, लोड नका घेऊ," ते म्हणाले. "वर पॅनेल, घरात बॅटरी. दिवसभर ऊन भरा, रात्री वापरा. पाणी टाकायचं झंझट नाही, वास नाही, आवाज नाही."

"आत नेमकं काय असतं?"

"लिथियम."

"ते मला माहीत आहे. ते आत काय करतं?"

"काहून टेन्शन घेता जी," शंभू म्हणाले. "मी सेल्सले आहो."

आता सोसायटीची परवानगी. सचिव बापूराव म्हणजे मुक्ताईंचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. सभेच्या सूचनेत त्यांनी विषय लिहिला होता, 'तांबोळी सरांच्या उन्हाबाबत विचारविनिमय'. मी त्याला हरकत घेतली. ती नोंदवली गेली आणि विषय तसाच राहिला.

सभेत पहिला प्रश्न आला की गच्चीवरचं ऊन कोणाच्या मालकीचं. गच्ची सामाईक, म्हणून ऊनही सामाईक, असं तळमजल्याचं म्हणणं पडलं. वरच्या मजल्याचं म्हणणं असं, की उन्हाळ्यात तापतं ते आमचं छत, तेव्हा ऊन आमचं. दुसरा प्रश्न बॅटरीचा. ती पार्किंगमध्ये ठेवली तर तिला वाहन समजावं का? जिन्यात ठेवली तर चपलांच्या कपाटांना बंदी आहे, मग बॅटरीला सूट कशी? एका गृहस्थांनी ती रात्री गुरगुरते का, असंही विचारलं. मी शांतपणे सगळ्यांना उत्तरं दिली. चाळीस मुलांच्या वर्गात जे कधी झालं नाही ते तिथे झालं, माझा आवाज चिरकला.

मग बापूराव उठले. "तांबोळी सर, बॅटरी कशाला हवी? खात्याकडे याचं उत्तर केव्हापासून आहे. वीज जास्त असेल तेव्हा धरणाचं पाणी वर चढवायचं, कमी पडली की खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. वर साठवलेलं पाणी म्हणजेच साठवलेली वीज. आपल्याकडे वर टाकी आहे, खाली टाकी आहे. मधे पाइप आहे. राहिलं काय?"

सभेत एकदम चैतन्य आलं. बापूरावांनी फळ्यावर टाकी काढली. बाणसुद्धा काढले, तेही माझ्या खडूने. मी हिशेब करून सांगितलं, की आपली पूर्ण टाकी रिकामी केली तरी जेमतेम एक दिवा रात्रभर लागेल, आणि सकाळी कोणाला अंघोळ मिळणार नाही. बापूराव म्हणाले, "सुरुवात लहानच असते." चार हात वर झाले. खात्याची योजना मंजूर होण्याच्या बेतात असताना मागून मुक्ताई म्हणाल्या, "आधी गुरुवारी त्या टाकीत पाणी येऊ द्या, मग त्यातून वीज काढा." योजना तिथेच बारगळली आणि नाइलाजाने माझी बॅटरी मंजूर झाली.

पुढचा टप्पा एका कार्यालयाचा. नाव घेत नाही, त्या बिचाऱ्यांचाही नाइलाज असेल. खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही वीज घेणार की देणार?"

"दोन्ही. आणि थोडी ठेवणारही."

"ठेवणार म्हणजे?"

"साठवणार. बॅटरीत."

त्यांनी संगणकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घेणार आहे. देणार आहे. ठेवणार नाहीये यात."

"मग काय करू?"

"ठेवू नका."

असे किती वेळा गेलो ते आता आठवत नाही. पुढे पुढे बाहेरचा चहावाला मला न विचारता बिनसाखरेचा चहा देऊ लागला. शेवटी 'ठेवणार' हा पर्याय संगणकात उगवला आणि पॅनेल चढली. तोवर पावसाळा लागला. ढग असे ठाण मांडून बसले, की पॅनेलवर नुसते कावळे वाळायला बसत. जाता-येता बापूराव विचारत, "काय सर, पीक कसं आहे यंदा?" मी हसून साजरं करायचो. मनातून चरफडायचो.

दसऱ्याच्या सुमारास आभाळ उघडलं आणि बॅटरी भरू लागली. हॉलच्या भिंतीवर पांढरी, औषधांच्या कपाटाएवढी ती पेटी. तिच्यावर हिरव्या दिव्यांची एक ओळ होती, भरेल तसा एकेक दिवा लागायचा. खंडेनवमीला मुक्ताई घरातल्या सगळ्या यंत्रांना गंधफूल वाहतात, त्या आमच्याकडेही आल्या आणि बॅटरीला झेंडूची माळ घालून गेल्या. कमरजहांने तिच्यावर क्रोशाचं झाकण घातलं. शंभूंनी फोनवर सांगितलं, की झाकण काढा, बॅटरी तापेल. कमरजहां म्हणाली, "धूळ बसली तर ते येणार आहेत का पुसायला?"

आता गुरुवारच्या पाण्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमची कमरजहां कसबा पेठेतली. कसब्यातल्या माणसाला विश्रांतवाडी हे अजूनही परगाव वाटतं, पण तो मुद्दा वेगळा. गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार म्हटलं की बुधवारी तिच्या माहेरी भांड्यांची फौज उभी राहायची. हंडे, कळश्या, पातेली, कुकर, बिर्याणीचं डेग, पाहुण्यांचे पेले, सगळं काठोकाठ. गुरुवारभर ते पाणी सगळे जीव मुठीत धरून वापरत, म्हणजे जवळजवळ वापरतच नसत. शुक्रवारी सकाळी नळाला पाणी आलं, की साठवलेलं सगळं 'शिळं' म्हणून मोरीत ओतायचं आणि ताजं भरायचं. लग्नानंतर एकदा मी विचारलं होतं, की नळाला येतं ते पाणी धरणात किती महिने पडून असतं? सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्या घरात मी पुन्हा भूगोल काढला नाही. सासूबाई गेल्या, ते कसब्यातलं बिऱ्हाडही उठलं. पण शुक्रवारी सकाळी मोरीतून वाहणाऱ्या पाण्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो, आणि का कोण जाणे, बरं वाटतं.

तर एका सकाळी मी फिरून आलो आणि पाहतो, बाहेरची वीज असताना घर बॅटरीवर टाकलेलं, सगळे पंखे गरगरताहेत, दिवे लागलेत, इस्त्री तापतेय, आणि मिक्सर चालू आहे. मिक्सरमध्ये काही नाही.

"हे काय चाललंय?"

"कालची संपवतेय," कमरजहां म्हणाली. "ऊन वर येईल आता. ताजी भरायला जागा नको?"

"अगं, वीज शिळी होत नाही!"

"दूध नासतं, पीठ आंबतं, पाणी शिळं होतं, आणि तुमची वीज तेवढी ताजी राहते? कालचंच ऊन ना ते?"

मी कागद घेतला. आयन इकडून तिकडे कसे जातात, तिकडून इकडे कसे येतात, सगळं काढून दाखवलं. तिने अखेरपर्यंत ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा मिक्सर पुन्हा घरघरत होता. मुक्ताईंकडे तक्रार केली तर त्या म्हणाल्या, "भाभींचं बरोबर आहे सर. साठवणीतलं तळाचं आधी काढावं." मी नाद सोडला. रोज ऊन होतं, बॅटरी रोज भरत होती. माझं काय जात होतं?

मग एकदा संध्याकाळी वीज गेली. साऱ्या इमारतीत अंधार, आमच्या घरात लख्ख उजेड! मी सोफ्यावर ऐटीत बसलो. पंखा फिरत होता, टीव्ही चालू होता, आणि वर गच्चीवर चटया पसरल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने हशा आला. मग बापूरावांचं काहीतरी खणखणीत सांगणं, आणि पुन्हा हशा. कमरजहां मान वर करून छताकडे बघत होती.

"आज हाक आली नाही," ती म्हणाली.

"आपल्याकडे उजेड आहे ना. त्यांना वाटलं असेल, कशाला बोलवा."

"हो," ती म्हणाली आणि टीव्ही बंद केला. आम्ही तसेच उजेडात बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी बापूराव जिन्यात भेटले. "सर, तुमच्या खिडकीमुळे काल आम्हाला चांदण्या दिसल्या नाहीत." मी म्हटलं, पडदा लावत जाईन. यापेक्षा मोठा पानउतारा मला कधी जाणवला नव्हता. घरात सगळं असून आपण कुठेतरी बाहेर राहिलोय, असं वाटत राहिलं.

दिवाळी जवळ आली. त्या गुरुवारी संध्याकाळी दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार, असा मेसेज आला. मी कामरानला कळवलं, की ये आणि बघ. त्या दिवशी नेमका परतीचा पाऊस आला. सकाळपासून आभाळ गच्च. पण माझी बॅटरी रोज भरते, हा माझा विश्वास इतका दांडगा होता, की क्रोशाचं झाकण उचलून हिरवे दिवे बघायचंही मला सुचलं नाही.

पाऊस थांबता थांबता कामरान आला. मी त्याला हॉलच्या मधोमध बसवलं. थोड्याच वेळात बाहेरचे दिवे गेले. आमचे राहिले! शाळा तपासायला आलेल्या साहेबांकडे बघावं तसं मी कामरानकडे बघितलं. तो खरोखर खूश झाला. "अब्बू, मानलं हां," असं तो म्हणतोय तोच बॅटरीने एक लांब शिट्टी मारली, पंखा मंदावला, आणि घरात मिट्ट काळोख झाला.

मी चाचपडत बॅटरीपाशी गेलो, झाकण काढलं. एकही हिरवा दिवा नव्हता. सकाळी शिळी ओतली गेली होती आणि ताजी आलीच नव्हती. मी कामरानला सकाळच्या शिळ्या विजेचं सांगितलं, मग ढग, परतीचा मान्सून, हवेचा दाब वगैरे सांगू लागलो. अंधारात माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"जाऊ द्या अब्बू," कामरान हळूच म्हणाला. "तुम्ही खूप केलंत. मी टेम्पोचं बघतो."

आता हे घर सुटलं, हे मला त्या क्षणी कळलं. कमरजहां कुठे आहे तेही दिसत नव्हतं. आणि तेवढ्यात जिन्यातून मुक्ताईंचा आवाज आला, "भाभी! तुमचीपण गेली का? अगं बाई, बरं झालं! चटई आणा, मी पोहे परतलेत!"

कमरजहां उठली. चटई तिने आधीच काढून ठेवली असावी, कारण ती शोधावी लागली नाही. कामरानने मोबाइलचा उजेड धरला, तिने त्याचा दंड धरला, आणि आम्ही तिघं वर गेलो.

पावसाने गच्ची धुऊन निघाली होती. पॅनेलच्या आडोशाला कोरडी जागा शोधून चटया पडल्या होत्या. कामरानला बघून एकच गिल्ला झाला. बापूराव म्हणाले, "ये रे. बारावीचा अभ्यास तू याच टाकीखाली केलास. कंदील आमचा होता, तो अजून परत आलेला नाही." मुक्ताईंनी त्याच्या हातात पोह्यांची बशी दिली. लोहगावला उतरणारं एक विमान डोक्यावरून गेलं आणि सगळ्यांनी बोलणं थांबवून ते बघितलं, पूर्वी बघायचो तसंच. पूर्वेला खराडीचे टॉवर झगमगत होते.

"त्यातलं तुझं घर कुठलं रे?" मुक्ताईंनी विचारलं.

"इथून नाही ओळखता येणार, काकू."

"शेजारी कोण आहे?"

कामरानने विचार केला. "एक कपल आहे. नाव नाही माहीत. त्यांचा कुत्रा ओळखतो मला."

बापूराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. कमरजहांही हसली. पाय मोडल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसू ओसरल्यावर कामरानने तिला विचारलं, "अम्मी, आज मी येणार माहीत होतं ना? मग सकाळी बॅटरी का रिकामी केलीस? खरंच शिळी होते म्हणून?"

"शिळी तर होतेच," ती ठामपणे म्हणाली. "आणि भरलेली असली की मुक्ताई हाक मारत नाही." मग तिने पाय सरळ केला आणि घोट्यावरून हात फिरवला. "एक सांगू का दोघांना? मी हॉलमध्ये पडले नव्हते. जिन्यात पडले होते. तुम्ही बापलेकांनी मिळून एवढं ऊन साठवलंत आणि दिवे लावलेत हॉलमध्ये."

मी एम. ए., बी. एड. आहे. कामरान इंजिनियर आहे. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. थोड्या वेळाने कॉलनीभर "आऽऽली" असा जुना गलका झाला, सगळ्या खिडक्या उजळल्या, आणि तरी बराच वेळ कोणी उठलं नाही. निघताना कामरानने टेम्पोचं नाव काढलं नाही. फक्त म्हणाला, "अब्बू, त्या शंभूंचा नंबर द्या."

आता बॅटरीवर आमच्या घरातला एकही दिवा नाही. आमच्याकडची वीज गेली की जिन्यातले दिवे आपोआप लागतात, तळापासून गच्चीपर्यंत. जिना सामाईक आणि बॅटरी खासगी, असा मुद्दा सभेत निघाला होता. तो बापूरावांनीच काढला आणि मुक्ताईंनी बापूरावांकडे एकदा बघितल्यावर त्यांनीच मागे घेतला.

परवा संध्याकाळी कामरानचा फोन आला. हा फोन हल्ली दर गुरुवारी येतो. खराडीला वीज कधी जातच नाही, ही त्याची अडचण आहे.

"अब्बू, गेली का?" त्याने आशेने विचारलं.

मी नाही म्हणणार, एवढ्यात कमरजहांने फोन माझ्या हातातून घेतला. "आत्ताच गेली रे. ये. मेहनाजलाही आण." फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "बघताय काय? मेन स्विच!"

मी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं. उठलो आणि मेन स्विच बंद केला. जिन्यातले दिवे लागले. वर दार उघडलं, चपला वाजल्या आणि बापूराव कठड्यावरून वाकले.

"सर, आमच्याकडे तर आहे. तुमची गेली का?"

"कामरान येतोय," मी म्हणालो.

बापूरावांनी आत वळून हाक मारली, "अगं, मेन बंद कर. आपलीपण गेली."